भरतीची हद्द आणि गरम पाण्याची कुंडे

कोकणातील बहुतेक मोठ्या खाड्या म्हणजे समुद्राने गिळलेली नदीखोरी. हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. बर्फ वितळला, पाणी चढले आणि सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, अर्जुना यांच्या मुखांतून ते आत शिरले. नॉर्वे-आइसलँडच्या फ्योर्डशी या खाड्यांची तुलना नेहमी केली जाते. फ्योर्ड मात्र हिमनद्यांनी कोरलेले असतात, आणि कोकणात हिमनदी कधी आली नाही. भरतीचे पाणी अरुंद दरीतून मैलोन्मैल आत जाते, एवढेच दोन्हींत सारखे आहे.

कोकणातील गरम पाण्याचे झरे या नद्यांच्या काठाकाठाने सापडतात. पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत त्यांची ओळ किनाऱ्याला जवळजवळ समांतर जाते. तानसा नदीवर वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी, पालीजवळ उन्हेरे, महाडजवळ सव, दापोली तालुक्यात उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ व राजवाडी आणि शेवटी राजापूरचे उन्हाळे. उन्हवऱ्याचे पाणी सत्तर अंशांच्या आसपास असते. तुरळचे साठीच्या घरात. राजापूरचे मात्र थेट अंगावर घेता येईल इतके कोमट आहे.

आइसलँडमध्ये जमिनीखालचा शिलारस अजून तापलेला आहे. कोकणचा कातळही लाव्ह्याचाच, पण तो ओतला गेला त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. त्याची स्वतःची उष्णता कधीच विरली. येथे तापते ते पावसाचे पाणी. ते भेगांतून खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातील उष्णता घेते आणि किनाऱ्याला समांतर असलेल्या तडांतून वर येते. वाटेत क्षार आणि गंधकाचा वास मिळवते. सह्याद्रीवर पाऊस धो धो पडतो, म्हणून झरे उन्हाळ्यातही आटत नाहीत.

नद्यांच्या काठीच कोकणची जुनी व्यापारी गावेही वाढली. भरतीच्या जोरावर गलबत जिथपर्यंत आत येई तिथे माल उतरे आणि पुढे बैलांच्या पाठीवरून घाट चढे. महाड, चिपळूण, संगमेश्वर आणि राजापूर ही सगळी या पद्धतीची गावे. राजापूर हे आदिलशाहीचे महत्त्वाचे बंदर. अणुस्कुरा घाटातून त्याचा माल कोल्हापूरकडे चढे. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी तेथे वखार घातली. शिवाजी महाराजांभोवतीच्या पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी आदिलशाही सरदार सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर लुटून वखारवाल्यांना कैदेत टाकले. पुढे १६७३ मध्ये घाटावरच्या हुबळीची पेठ मराठ्यांनी लुटली. तेथेही इंग्रजांचा कापडाचा व्यवहार होता, तो कारवार बंदराशी जोडलेला. रायगडावर १६७४ मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन वाटाघाटीला आला, तेव्हा राजापूरच्या नुकसानीची भरपाई महाराजांनी मान्य केली, हुबळीची नाही. कोकणचे बंदर आणि धारवाडकडची पेठ एकाच हिशेबाच्या वहीत आल्याचा हा बोलका प्रसंग.

व्यापाराच्या या वर्दळीत कुंडांना राजकीय मोल नव्हते. त्यांची ओळख देवस्थान आणि दुखण्यावरचा उपाय म्हणून होती. वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत बोललेल्या नवसाचे, आणि वसई पडली १७३९ मध्ये. उन्हाळे येथे उष्ण पाण्याच्या झऱ्याशेजारच्या टेकडीवर राजापूरची गंगा आहे. तिची चौदा कुंडे साधारण तीन वर्षांनी भरतात, पण ठरल्या वेळी नव्हे; त्यामुळे यात्रा वाढते ती बातमी पसरल्यावर. संधिवात आणि त्वचारोगावर गरम कुंडांच्या पाण्याचा गुण सांगितला जातो. कढत पाण्याने आखडलेले सांधे सैल होतात हे खरे. बाकीच्या दाव्यांना श्रद्धेचाच आधार जास्त.

शास्त्रीय नोंद उशिरा झाली. भूवैज्ञानिक टॉमस ओल्डहॅम यांची भारतातील उष्ण झऱ्यांची यादी त्यांच्या मृत्यूनंतर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९६६ मध्ये केंद्र सरकारने उष्ण झऱ्यांसाठी समिती नेमली आणि पुढे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने कोकणात वेधछिद्रे घेतली. या उष्णतेवर वीजनिर्मिती मात्र झाली नाही.

दरम्यान खाड्या गाळाने भरत गेल्या. राजापूरला मोठी गलबते पोहोचेनात, ती खाडीच्या तोंडाशी जैतापूरला थांबू लागली. घाटावरचा ओघही सरकला: १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला, त्यामागे धारवाडचा कापूस कारवारहून बाहेर पाठवण्याची सोय हे मोठे कारण होते. विसाव्या शतकात आगबोटींची जागा मुंबई-गोवा रस्त्याने घेतली आणि १९९८ पासून कोकण रेल्वेने. तुरळ आणि आरवली रस्त्यालगत असल्याने वाटसरूंची झाली; उन्हवरे आडबाजूला राहिले.

हुबळी-धारवाडच्या मधल्या रायापूरवरून पुणे-बंगळूर रस्ता धरून कोल्हापूर, तेथून अणुस्कुरा उतरून राजापूर, असा प्रवास आज जुन्या बैलवाटेच्या बराच जवळून जातो. राजापूरहून उत्तरेला निघाल्यावर वाकेडला मुचकुंदी, आंजणारीला काजळी, मग बावनदी आणि संगमेश्वरला शास्त्री लागते. पूर्णगड, भाट्ये आणि जयगड या खाड्यांना पाणी देणाऱ्या या नद्या ओलांडल्या की तुरळ आणि आरवलीची कुंडे येतात.