चार पौंड हवेचा इतिहास

नव्या मोटारींच्या डॅशबोर्डवर एक लहानसे पिवळे चिन्ह असते. टायरचा आडवा छेद आणि त्याच्या पोटात उद्गारचिन्ह. चाकातली हवा कमी झाली की ते पेटते. बहुतेक जण त्याकडे एक सोय म्हणून पाहतात. त्याचा माग काढत गेलो तेव्हा मला त्यामागे दोन कंपन्यांचे भांडण, एक कायदा आणि एक कोर्टाचा निकाल सापडला. वादाच्या मुळाशी होती दर चौरस इंचाला चार पौंड हवा.

हवा मोजून इशारा देणारी यंत्रणा त्या भांडणाआधीही होती. १९८६च्या पोर्शे ९५९ या अतिवेगवान गाडीत ती दिसते. पण साध्या मोटारीत अशी यंत्रणा बसवण्याची गरज उत्पादकांना फारशी वाटत नव्हती.

हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन यांचा व्यवहार १९०६ पासूनचा. पुढे दोन्ही घराण्यांत सोयरीकही झाली. २००० साली फोर्ड कंपनीचे अध्यक्ष असलेले विल्यम क्ले फोर्ड (धाकटे) हे या दोघांचेही पणतू. फायरस्टोन मात्र १९८८ मध्ये जपानच्या ब्रिजस्टोनकडे गेली होती. नव्वदच्या दशकात फोर्डच्या एक्सप्लोरर या उंच गाडीला फायरस्टोनचे टायर असत आणि त्यांत २६ पौंड हवा भरावी, अशी फोर्डची शिफारस होती. भर वेगात या टायरांचा वरचा थर सुटून गाड्या उलटू लागल्या. ऑगस्ट २०००मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवण्यात आले. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा खात्याकडे आलेल्या तक्रारींत नोंदलेल्या मृत्यूंचा आकडा पुढे २७१ वर गेला.

फोर्डचे म्हणणे, टायर सदोष. फायरस्टोनचे म्हणणे, गाडीच उलटणारी, शिवाय २६ पौंड हवा अपुरी, ३० हवी. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त वाकते, त्यातून उष्णता वाढते आणि रबर व पोलादी पट्टे यांची पकड सैल होते. त्यामुळे फायरस्टोनचा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण ऑक्टोबर २००१मध्ये सरकारी तपासाने पट्ट्यांच्या कडांजवळच्या रचनेत दोष असल्याचा निष्कर्ष काढला. तोवर ९५ वर्षांचा संबंध तुटला होता. मे २००१मध्ये फायरस्टोननेच फोर्डला टायर पुरवणे थांबवत असल्याचे कळवले होते.

दरम्यान १ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ‘ट्रेड’ कायद्यावर सही केली. टायरमधली हवा फार उतरली तर चालकाला इशारा मिळालाच पाहिजे, असे त्यात होते. इशारा कसा द्यायचा, यावर पुढे वाद पेटला. एक पद्धत थेट: प्रत्येक चाकात व्हॉल्व्हच्या मुळाशी सेन्सर बसवायचा आणि त्याने दाब मोजून रेडिओलहरींनी कळवायचा. दुसरी अप्रत्यक्ष आणि स्वस्त: हवा उतरलेले चाक किंचित लहान होते, म्हणून इतरांपेक्षा जलद फिरते, तो फरक एबीएस ब्रेकच्या सेन्सरांनी टिपायचा. त्या काळच्या अप्रत्यक्ष यंत्रणेची अडचण अशी की चारही चाकांतली हवा सारखीच उतरली तर तुलनेला काही उरतच नाही. आणि महिनोन्‌महिने न पाहिलेल्या गाडीत हवा बहुधा अशीच उतरते.

२००२च्या नियमाने ही अपुरी पद्धतही चालवून घेतली. ‘पब्लिक सिटिझन’ ही ग्राहकसंस्था कोर्टात गेली आणि ऑगस्ट २००३मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला. २००५च्या नव्या नियमानुसार एक ते चार, कितीही चाकांतली हवा शिफारशीपेक्षा २५ टक्के उतरली तर वीस मिनिटांत दिवा लागला पाहिजे. सप्टेंबर २००७पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या हलक्या गाड्यांना तो लागू झाला.

त्याच नियमात आणखी एक कलम आहे: यंत्रणा बिघडली तर तिने तेही सांगावे. चाके बदलताना त्याची प्रचिती येते. बर्फाळ देशांत हिवाळ्यासाठी रिमसकट दुसरा संच चढवतात. सेन्सर जुन्या रिमसोबत गॅरेजात राहतो, आणि दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर जळतो. म्हणजे हवा किती आहे ते गाडीला कळेनासे झाले आहे. नव्या संचात सेन्सर असले तरी प्रत्येकाचा क्रमांक गाडीला ओळखून घ्यावा लागतो. सेन्सरची सीलबंद बॅटरीही साधारण पाच ते दहा वर्षांत संपते. अप्रत्यक्ष यंत्रणेला चाके बदलल्यावर बटण दाबून नव्याने सुरुवात करून द्यावी लागते. त्या क्षणी हवा कमी असेल तर तीच योग्य, असे ती धरून चालते.

आता मूळ वादाचा हिशेब मांडून पाहा. ३० वरून २६ म्हणजे सुमारे १३ टक्के उतार. दिवा लागतो २५ टक्क्यांना. शिवाय तो मोजतो कंपनीच्या शिफारशीपासून. शिफारस २६ची असेल, तर दिवा साडेएकोणिसाला लागणार. ज्या चार पौंडांवरून एवढे रामायण झाले, त्या चार पौंडांसाठी हा दिवा कधीच लागला नसता.

आपल्याकडे हा हिशेब आता जवळ आला आहे. ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे १९०४ साली डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला काढले. जुलै २०२०च्या दुरुस्तीने भारतात ट्यूबलेस टायर, हवेची इशारा यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या प्रवासी मोटारींना स्टेपनीची सक्ती उरली नाही. शंभराहून अधिक वर्षे डिकीत बसलेल्या चाकाची जागा त्या दिव्याने घेतली. म्हणून त्याची मर्यादा ठाऊक असलेली बरी. योग्य दाबाचा आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना साधा गेज लावावा. चार पौंडांचा फरक तोच दाखवतो.