मोडक्या अ‍ॅल्युमिनियम सायकलीची ओळख व जतन

जुन्या पोलादी सायकलीचे कूळ बहुधा तिच्या मुद्रापट्टीवरून, क्रमांकावरून किंवा रंगाच्या थरांवरून ठरविले जाते. अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलीवर रंग क्वचितच असतो, आणि मुद्रापट्टी गळून पडली असेल तर एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे सांधा.

१८८६ साली अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू यांनी विद्युत्-विच्छेदनाची पद्धती स्वतंत्रपणे शोधून काढली, आणि एरवी अतिमहाग असलेला हा धातू कारखान्यांच्या आवाक्यात आला. त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात सेंट लुईस येथे ‘लू-मि-नम’ ही सायकल निघाली. तिचा सांगाडा अखंड ओतलेला असे. त्यात जोड शोधू जाणे व्यर्थ होय. १९३० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये निघालेल्या कामिनाद यांच्या सायकलीची गोष्ट नेमकी उलट आहे. तिच्या अष्टकोनी नळ्या ओतीव सांध्यांत बसवून स्क्रूंनी आवळलेल्या दिसतात. हा केवळ शोभेचा प्रकार नव्हे. जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांनी १९०६ च्या सुमारास शोधलेल्या ड्युराल्युमिनमध्ये सुमारे चार टक्के तांबे असते. तापवून पाण्यात विझविल्यावर काही दिवसांत हा मिश्रधातू आपोआप कठीण होतो. पुन्हा उष्णता दिली की ते काठिण्य ओसरते. अशा नळ्यांना डाखाची किंवा वेल्डिंगची आच मानवत नाही, म्हणून स्क्रू.

यावरूनच जतनाची दिशा ठरते. मोडका सांधा वेल्डरकडे नेणे म्हणजे नळीचे बळ व निर्मितीचा पुरावा ही दोन्ही एकदम घालविणे होय. धुण्याचा सोडा तर वर्ज्यच, कारण क्षारात अ‍ॅल्युमिनियम विरघळते. आरशासारखी चकाकी आणण्याचा हव्यासही असाच घातक. त्या घासण्यात ठोकलेले क्रमांक व कारखान्यातील हत्यारांच्या खुणा नाहीशा होतात. दमट हवेत पोलादी स्क्रूंच्या सान्निध्यात अ‍ॅल्युमिनियमच आधी झिजतो आणि पांढरी भुकटी साचते. अडकलेला स्क्रू तेल मुरवून, दिवसचे दिवस थांबून सोडवावा. त्याची जागा आधी छायाचित्रात नोंदवावी, आणि तो फेकू नये.

तुटलेले तुकडे चिकटवू नयेत, खाली आधार देऊन कोरड्या जागी ठेवावेत. धातू एकाच आघाताने तुटला, की वर्षानुवर्षे शिणत जाऊन भेग हळूहळू वाढली, हे त्या न घासलेल्या तुटीवरच वाचता येते.