संगणकाच्या रचनेतील चिंचोळी वाट

पुण्याच्या ‘परम’ महासंगणकाची कथा मराठी वाचकांस परिचित आहे. ती बहुधा राष्ट्राभिमानाची कथा म्हणूनच सांगितली जाते. अमेरिकेने अधिक सामर्थ्याचा क्रे संगणक देण्याचे नाकारले, 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ सिद्ध झाला. हे खरेच आहे. परंतु या यंत्राने संगणकाची रूढ रचनाच बाजूस सारली, याची चर्चा क्वचितच होते. आमच्या मते खरा इतिहास तेथे आहे.

ती रूढ रचना जॉन फॉन नॉयमन यांच्या 1945 च्या टिपणातून जगापुढे आली. तीत आज्ञा व आकडे एकाच स्मृतीत राहतात. प्रक्रियक त्यांना एकेक करून बोलावतो आणि उत्तर परत धाडतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला, 1960 मध्ये कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ याच कुळातला. सुमारे 2700 निर्वात नलिका, आणि स्मृती अवघी 2048 शब्दांची! (हेच नरसिंहन पुढे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘इलियाक तीन’ या यंत्राच्या कामात सहभागी झाले, त्याची कल्पना 32 गुणिले 32 घटकांच्या जाळीची होती, हे विसरू नये.)

कालांतराने प्रक्रियक झपाट्याने वेगवान झाले. स्मृती मागे राहिली. फोर्ट्रान भाषेचे प्रमुख जनक जॉन बॅकस यांनी 1977 च्या ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात या कोंडीला बाटलीच्या मानेची उपमा दिली. आपल्याकडील उपमा द्यावयाची तर कोठार मोठे, जाते वेगाचे, पण धान्य आणणारे सूप एकच! ही अडचण तारांपुरती नसून एका वेळी एकाच शब्दाचा विचार करण्याच्या सवयीचीही आहे, असा बॅकस यांचा रोख होता.

‘परम’ने सुपेच वाढविली. ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर त्यात जोडले होते. प्रत्येकाजवळ स्वतःची स्मृती, आणि शेजाऱ्यांशी बोलण्यास चार दुवे. असे 64 घटक एकाच प्रश्नाचे तुकडे वाटून घेत.

तथापि कोंडी नाहीशी झाली असे म्हणता येत नाही. ती घटकाघटकांमधील दुव्यांवर जाऊन बसली. जीन अॅमडाल यांनी 1967 मध्येच हिशेब मांडला होता : कामाचा दहावा भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर हजार घटक जोडूनही वेग दहापटीपलीकडे जात नाही. हवामानाचे गणित नकाशाच्या चौकटी पाडून वाटता येते. सगळेच प्रश्न इतके सोशिक नसतात. शिवाय जुन्या आज्ञावल्या नव्या यंत्रासाठी पुन्हा लिहाव्या लागत, आणि हे काम यंत्र बांधण्याइतकेच कष्टाचे होते.

2004 च्या सुमारास उष्णतेमुळे एकट्या प्रक्रियकाचा वेग वाढविणे जवळजवळ थांबले. तेव्हापासून साध्या संगणकांतही एका प्रक्रियकात अनेक गाभे बसविण्यात येऊ लागले. आज खिशातल्या भ्रमणध्वनीतही ते असतात, आणि काम वाटून देण्याचा पुण्यातला प्रश्न आता प्रत्येक आज्ञावलीकाराच्या मेजावर आहे.