रेशीमराजा गेला कुठे?

माझ्यातला कादंबरीकार अपहरणाच्या कथेकडे धाव घेतो. माझ्यातला मास्तर मात्र पुरावा मागतो. जिम थॉम्प्सनच्या प्रकरणात या दोघांचे भांडण काही मिटत नाही.

हा अमेरिकन गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात हेरखात्यात होता. पुढे बँकॉकला राहून त्याने १९४८ साली कंपनी काढली आणि तिथल्या हातमागाचे रेशीम जगभर पोहोचवले. २६ मार्च १९६७, ईस्टरचा रविवार. मलेशियातील कॅमेरॉन हायलँड्स या थंड हवेच्या ठिकाणी, पाचच दिवसांपूर्वी एकसष्ट वर्षे पूर्ण केलेला थॉम्प्सन दुपारी यजमानांच्या बंगल्यातून बाहेर पडला, तो परतलाच नाही. सिगारेटीही मागेच राहिल्या.

पोलीस, सैनिक आणि रानातले आदिवासी यांनी जंगल पिंजून काढले. माग लागला नाही. मग तर्कांना ऊत आला. कुणी म्हणे, कम्युनिस्टांनी पळवला. कुणी म्हणे, जुनी हेरगिरी भोवली. पीटर हुर्कोस या डच द्रष्ट्याने तर त्याला कंबोडियात नेल्याचे सांगितले. त्याच ऑगस्टात अमेरिकेत त्याच्या बहिणीचा खून झाला आणि संशयाला नवा धागा मिळाला.

मला विचाराल, तर पळवणारा काहीतरी मागतो. इथे खंडणीची चिठ्ठी नाही. दाट रानात पाय घसरायला मात्र कट लागत नाही. १९७४ साली थायलंडच्या न्यायालयाने त्याला मृत ठरवले.

तरीही तर्क थांबले नाहीत. तर्क करणाराचे काय जाते? ज्यांचे माणूस गेले, त्यांची वाट पाहणे मात्र प्रत्येक नव्या तर्काने लांबते.