'कमवा आणि शिका' : ग्रामीण विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचा एक ऐतिहासिक मागोवा

महाराष्ट्रातील बहुजन समाजाच्या उच्च शिक्षणाच्या इतिहासात कर्मवीर भाऊराव पाटील यांचे कार्य मूलगामी ठरते. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली व १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. फीमाफीने गरीब विद्यार्थ्याला प्रवेश मिळतो. परंतु शिक्षण पुरे होण्यासाठी अन्न व निवारा लागतो, ही जाणीव या कार्याच्या मुळाशी होती. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले.

पुढे १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज स्थापन झाले आणि श्रमाधिष्ठित शिक्षणाचे हे तत्त्व महाविद्यालयीन स्तरावर आले. शेतीत व बांधकामावर राबून विद्यार्थी शिक्षणाचा खर्च भागवू लागले. मदत ही भिक्षा न राहता श्रमाचे मोल ठरली.

महाराष्ट्रातील विद्यापीठांनीही नंतर ही योजना स्वीकारली. मात्र वसतिगृह, भोजन व श्रम यांची मूळची सांगड सुटल्यास तिचे स्वरूप अल्प मानधनापुरते उरते. म्हणूनच अशा योजनेचे यश लाभार्थींच्या संख्येवरून नव्हे, तर पदवी पूर्ण करणाऱ्यांच्या संख्येवरून मोजणे इतिहासाशी सुसंगत ठरेल.