स्पॅम क्वारंटाइन

स्पॅम फिल्टरला संशयास्पद वाटलेले ईमेल इनबॉक्सात न टाकता सर्व्हरवर वेगळे राखून ठेवण्याची व्यवस्था. संदेश पुसला जात नाही. कोणीतरी तपासून सोडेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत अडकून राहतो.

स्पॅमअसॅसिन (२००१) या मुक्तस्रोत फिल्टरमध्ये प्रत्येक नियमाला अधिक वा उणे गुण असतात. बेरीज ५ झाली की संदेशावर स्पॅमचा शिक्का बसतो. अडवण्याचे काम अमाविससारखा दुसरा प्रोग्राम करतो. कोणत्या नियमाचे किती गुण पडले हे संदेशाच्या हेडरमध्ये वाचता येते, आणि सेटिंगला हात लावण्यापूर्वी ते वाचावेच. मर्यादा ५ वरून ३ वर आणली की स्पॅम घटते, पण खरी पत्रेही अडकू लागतात. खरे पत्र अडकण्याची चूक अधिक घातक, कारण मुलाखतीचे बोलावणे अडकले तर ते आले होते हेच उमेदवाराला कळत नाही. फिल्टरचा बेझियन, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा, भाग मूळ सेटिंगनुसार किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले संदेश शिकवल्यावरच गुण देऊ लागतो.

मायक्रोसॉफ्ट ३६५मध्ये साधे स्पॅम वापरकर्ता स्वतः सोडवू शकतो. खात्रीचे फिशिंग मात्र फक्त प्रशासक सोडतो. स्पॅम जास्तीत जास्त ३० दिवस राहते, नंतर ते परत मिळत नाही.

खरी पत्रे अडकू नयेत म्हणून ठेवलेल्या विश्वासू प्रेषकांच्या यादीत संपूर्ण डोमेन सरसकट घालू नये. ‘प्रेषक’ रकान्यातला पत्ता कोणीही बनावट लिहू शकतो. म्हणून प्रेषकाच्या डोमेनची एसपीएफ किंवा डीकेआयएम पडताळणी उत्तीर्ण झाली तरच सूट देणारी नोंद करावी.