ऑनलाइन फॅन्डम रोलप्लेमधील सहभागाचे संकेत

फॅन्डम रोलप्ले हा आंतरजालावर लिखित स्वरूपात खेळला जाणारा सामूहिक कथाखेळ आहे. एखादी कादंबरीमाला, चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका किंवा ॲनिमे यांचे चाहते त्यातील एकेक व्यक्तिरेखा स्वीकारतात. त्या व्यक्तिरेखेच्या वतीने आळीपाळीने लिहीत ते नवी कथा पुढे नेतात. या खेळाला आगाऊ लिहिलेली संहिता नसते आणि बहुतेक वेळा हारजीतही नसते. त्यामुळे तो सहभागींनी पाळलेल्या संकेतांवरच उभा असतो. हे संकेत खेळागणिक बदलतात. तथापि त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी दोन तत्त्वे आढळतात. पहिले, प्रत्येक व्यक्तिरेखेची लेखणी एकाच हाती असते. दुसरे, व्यक्तिरेखा म्हणजे तिचा लेखक नव्हे.

पार्श्वभूमी

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिकाधारी खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ यांनी 'मड' हा अनेकांनी एकाच वेळी खेळावयाचा मजकुराधारित संगणकीय खेळ रचण्यास आरंभ केला. पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो विकसित केला. या परंपरेतून १९९० च्या दशकात विशिष्ट साहित्यकृतींवर आधारलेले खेळ उभे राहिले. जे. आर. आर. टोल्किन यांच्या मध्यभूमीवर आधारलेला 'एलेन्डोर' आणि ॲन मॅककॅफ्री यांच्या पर्न या कल्पित ग्रहावर आधारलेला 'पर्नमश' ही त्यांची ठळक उदाहरणे होत. मॅककॅफ्री यांनी चाहत्यांच्या खेळांसाठी नियम घालून दिले होते. चाहत्यांनी पर्नचे जग वापरावे, परंतु कादंबऱ्यांतील मूळ व्यक्तिरेखा स्वतः खेळू नयेत, अशी त्यांची भूमिका होती.

१९९९ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी सुरू केलेल्या 'लाइव्हजर्नल'मुळे खेळाचे रूप पालटले. येथे प्रत्येक व्यक्तिरेखेच्या नावाने स्वतंत्र खाते उघडता येई. प्रतिसादाखाली प्रतिसाद जोडत संवादाची साखळी तयार होई आणि छोट्या चित्रांतून व्यक्तिरेखेचे हावभाव दाखविता येत. सर्व खेळाडूंनी एकाच वेळी उपस्थित असण्याची गरज उरली नाही. २००७ मध्ये लाइव्हजर्नलने अनेक खाती अचानक स्थगित केल्याने चाहत्यांचा विश्वास डळमळला. त्याच संगणकीय आज्ञावलीवर आधारलेले 'ड्रीमविड्थ' २००९ मध्ये खुले झाले आणि अनेक खेळ तेथे स्थलांतरित झाले. याशिवाय टम्बलर आणि २०१५ मध्ये सुरू झालेले डिस्कॉर्ड ही माध्यमेही या खेळासाठी वापरली जातात.

लॅम्डामू प्रकरण

लिखित खेळात संमतीचा प्रश्न किती गंभीर असतो, हे १९९३ मधील एका घटनेने दाखवून दिले. पॅव्हेल कर्टिस यांनी उभारलेल्या 'लॅम्डामू' या मजकुराधारित जगात 'मिस्टर बंगल' नावाच्या पात्रामागील व्यक्तीने एका उपआज्ञावलीचा गैरवापर केला. तिच्या साहाय्याने इतरांची पात्रे जणू स्वतःच लाजिरवाण्या व हिंसक कृती करीत आहेत, असा मजकूर सर्वांसमोर उमटू लागला. त्या पात्रांच्या लेखकांना तो थांबविता येत नव्हता. कोणाच्याही देहाला स्पर्श झाला नव्हता. तरीही दुखावलेल्यांपैकी एका स्त्रीने या प्रकाराचा निषेध लिहिताना आपल्या डोळ्यांतून खरे अश्रू वाहत होते, असे पत्रकार ज्युलियन डिबेल यांना पुढे सांगितले. डिबेल यांनी 'द व्हिलेज व्हॉइस'मध्ये लिहिलेल्या लेखामुळे हे प्रकरण सर्वत्र चर्चिले गेले. त्यानंतर लॅम्डामूमध्ये अर्ज आणि मतदान यांवर आधारलेली निर्णयपद्धती आली.

लॅम्डामू हा फॅन्डमचा खेळ नव्हता. तथापि दुसऱ्याच्या पात्राची कृती आपण लिहिली तर त्या लेखकाला नेमके काय गमवावे लागते, हे या घटनेतून स्पष्ट होते. आज फॅन्डम खेळांत जो पहिला नियम मानला जातो, त्याचा अर्थ समजण्यासाठी हे उदाहरण उपयुक्त ठरते.

परिभाषा

मूळ कलाकृतीत जे घडले त्यास 'कॅनन' म्हणतात. मूळ कथेपेक्षा वेगळी परिस्थिती कल्पून रचलेल्या जगास 'एयू', म्हणजे पर्यायी विश्व, अशी संज्ञा आहे. खेळाडूने स्वतः निर्मिलेले पात्र 'ओसी' होय. पात्राच्या मुखाने लिहिलेला मजकूर 'आयसी' आणि लेखकाने स्वतःच्या नात्याने लिहिलेला मजकूर 'ओओसी' म्हणून ओळखला जातो. पात्रामागील लेखकास 'मन' म्हणण्याची रूढी आहे. या शब्दाचा मराठी 'मन'शी संबंध नसून तो 'मंडेन', म्हणजे सामान्य जगातील, या इंग्रजी शब्दाचा संक्षेप आहे. एका प्रसंगाच्या सलग संवादसाखळीस 'थ्रेड' आणि त्यातील एकेका प्रतिसादास 'टॅग' म्हणतात.

प्रवेशाची पद्धत

खेळात उतरण्यापूर्वी त्याची पूर्वपीठिका, नियम, वयोमर्यादा आणि वर्ज्य विषय वाचणे अपेक्षित असते. अनेक खेळ नवागतांसाठी चाचणीचे खुले पान ठेवतात. तेथे अर्ज न करताही पात्र लिहून पाहता येते आणि आपले लेखन त्या मंडळींत रुळते की नाही, याचा अंदाज येतो. त्यानंतर पात्र काही दिवसांसाठी राखून ठेवता येते आणि अर्ज दाखल केला जातो.

अर्जात पात्राचा पूर्वेतिहास, स्वभाव, क्षमता आणि लेखनाचा नमुना मागितला जातो. स्वभाववर्णनात विशेषणांची माळ पुरेशी ठरत नाही. पात्र शूर आहे असे म्हणण्यापेक्षा ते कोणत्या प्रसंगी शौर्याने वागले आणि कोठे कच खाल्ली, हे मूळ कथेतील दाखल्यांसह लिहावे लागते. 'कॅनन पॉइंट', म्हणजे मूळ कथेतील कोणत्या क्षणापासून पात्र घेतले आहे, हेही सांगावे लागते.

शेरलॉक होम्सच्या कथांतून याचे महत्त्व ध्यानात येते. कथेतील कालक्रमानुसार १८९१ मध्ये होम्स रायशेनबाख धबधब्यापाशी मृत्यू पावला, असा समज होतो आणि १८९४ मध्ये तो परततो. या दोन वर्षांच्या दरम्यानचा वॉटसन निवडणाऱ्या लेखकाला होम्स जिवंत असल्याचे ठाऊक असते. वॉटसनला मात्र ते ठाऊक नसते. खेळात होम्स समोर आला, तर १८९५ मधल्या वॉटसनची आणि या वॉटसनची प्रतिक्रिया एकच असू शकणार नाही.

लेखनविषयक संकेत

दुसऱ्याच्या पात्राची कृती, विचार किंवा निष्पत्ती परस्पर लिहिणे यास 'गॉडमॉडिंग' किंवा 'पॉवरप्लेइंग' म्हणतात आणि तो मोठा नियमभंग मानला जातो. 'त्याने तलवार चालविली आणि शत्रूचा हात छाटला गेला' हे वाक्य समोरच्या लेखकाचा निर्णय हिरावून घेते. 'त्याने शत्रूच्या हातावर तलवारीचा वार केला' हे वाक्य तो निर्णय त्याच्याकडे सोपविते. वार बसला, चुकला की ढालीवर अडला, हे समोरच्याने ठरवावयाचे असते. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. प्रत्येक वार चुकविणारे आणि कधीही न हरणारे पात्रसुद्धा गॉडमॉडिंगच करीत असते. प्रतिस्पर्ध्याच्या कृतीला काहीच परिणाम उरला नाही, तर त्याच्या लेखनाला अर्थ राहत नाही.

लेखकाला असलेली माहिती पात्राने कारणाशिवाय वापरणे म्हणजे 'मेटागेमिंग' होय. वर उल्लेखिलेल्या वॉटसनने होम्सला पाहून आश्चर्यच व्यक्त केले नाही, तर तो याच दोषाचा नमुना ठरेल.

प्रत्येक टॅगमध्ये समोरच्याला पकडता येईल असा धागा असावा, ही अपेक्षा असते. प्रश्न, हालचाल, चुकलेला अंदाज किंवा अर्धवट सोडलेले वाक्य, यांपैकी काहीही चालते. केवळ मान हलवून गप्प बसणारे पात्र समोरच्याला एकट्याने कथा ओढावयास लावते. लांबीबाबत सक्ती नसते. सहकाऱ्याच्या लांबीशी साधारण मेळ ठेवणे हा शिष्टाचार होय. गद्य परिच्छेद आणि चौकटी कंसात कृती देणारी संवादप्रधान शैली, या दोन्ही पद्धती रूढ आहेत. समोरच्याने जी शैली आरंभिली असेल ती स्वीकारावी किंवा आधी विचारून घ्यावे, असा प्रघात आहे.

संमती आणि सुरक्षितता

अनेक खेळांत प्रत्येक पात्रासाठी अनुमतिपत्र लिहून ठेवले जाते. पात्राला इजा करणे, त्याचे मन वाचणे, त्याला ठार मारणे किंवा त्याच्या जगाची कथा पुस्तकरूपात अस्तित्वात असल्याचे त्याला सांगणे यांपैकी काय चालेल, हे त्यात नमूद असते. अनुमतिपत्रात उल्लेख नाही म्हणजे परवानगी आहे, असे समजले जात नाही. एकदा दिलेली संमती मागे घेता येते. ती मागे घेणाऱ्याने कारण सांगावे, असा आग्रह धरणे अनुचित मानतात. नकोसा झालेला प्रसंग तेथेच थांबवून 'पुढे काय झाले' ते दोघांनी एका वाक्यात ठरवून टाकणे, हा सर्वमान्य मार्ग आहे.

क्लेशदायक विषय असलेल्या थ्रेडच्या शीर्षकात पूर्वसूचना देण्याची पद्धत आहे. कित्येक खेळ केवळ अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांनाच प्रवेश देतात. ही अट पात्राच्या नव्हे, तर लेखकाच्या वयाला लागू असते. खोटे वय सांगून प्रवेश घेणारा अल्पवयीन स्वतःबरोबर त्याच्याशी लिहिणाऱ्या प्रौढांनाही अडचणीत आणतो. खरे नाव, शाळा, पत्ता, दूरध्वनी क्रमांक किंवा छायाचित्र देण्याची या खेळात गरज नसते. अशी माहिती मागणारा सहखेळाडू, तसेच अल्पवयीन मुलाला गुप्त राखण्याच्या अटीवर बोलावयास सांगणारा प्रौढ, ही धोक्याची चिन्हे आहेत. भारतातील मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी उपलब्ध आहे.

लेखक आणि व्यक्तिरेखा

खलपात्र लिहिणारा लेखक खल नसतो आणि दोन पात्रांचे वैर म्हणजे दोन लेखकांचे वैर नव्हे. हे तत्त्व सर्वांना मान्य असले, तरी आचरणात ते सोपे नाही. महिनोन्महिने एखाद्याच्या मुखाने लिहिताना त्याचा संताप किंवा त्याचे प्रेम लेखकाच्या मनात झिरपते. प्रत्यक्ष वेष धारण करून खेळल्या जाणाऱ्या 'लार्प' या खेळाच्या अभ्यासकांनी या झिरपण्यास 'ब्लीड' अशी संज्ञा दिली आहे. ते स्वतः दोषास्पद नसते. किंबहुना त्यामुळेच लेखनात जीव येतो. मात्र पात्राला मिळालेला नकार हा स्वतःला मिळालेला नकार समजून सहखेळाडूवर राग धरणे, किंवा पात्रांच्या प्रणयकथेतून लेखकावर हक्क सांगणे, येथे मर्यादा ओलांडली जाते.

म्हणून कठोर प्रसंगानंतर लेखकांनी एकमेकांशी ओओसी बोलावे, असे सुचविले जाते. पात्राने कटू शब्द उच्चारले असतील, तर लेखकाची एक साधी विचारपूस पुष्कळ गैरसमज टाळते. या बोलण्यात कळलेली आजारपणे, घरगुती अडचणी इत्यादी खासगी बाबी इतरत्र उघड करणे हा विश्वासभंग समजला जातो.

सातत्य, रजा आणि निरोप

बहुतेक खेळांत ठरावीक मुदतीने उपस्थितीची तपासणी होते आणि प्रत्येक पात्राने काही किमान लेखन केल्याचे दाखवावे लागते. परीक्षा, नोकरी किंवा आजारपण यांसाठी रजेची सूचना देता येते. खेळातील कालगणना पुढे सरकली, तरी जुना थ्रेड सवडीने पूर्ण करण्याच्या 'बॅकटॅगिंग'ला सामान्यतः मुभा असते. भिन्न कालविभागांतील खेळाडूंना तिचा विशेष उपयोग होतो. भारतात सायंकाळ असते, तेव्हा अमेरिकेत सकाळ असते आणि एका प्रश्नोत्तरात सहज एक दिवस जातो. खेळ सोडावयाचा असल्यास न कळविता नाहीसे होऊ नये. आपल्या पात्रावर इतरांचे कथानक अवलंबून असू शकते. म्हणून निरोपाचे दोन शब्द आणि चालू थ्रेडचा शेवट सुचविणे अपेक्षित असते.

संचालक आणि तक्रारनिवारण

खेळाच्या संचालकांना 'मॉड' म्हणतात. अर्ज तपासणे, कथानकाचे टप्पे आखणे आणि वाद मिटविणे ही त्यांची कामे होत. खटका उडाल्यास प्रथम संबंधित खेळाडूशी खासगीत बोलावे आणि तेवढ्याने न भागल्यास मॉडकडे जावे, अशी पायरी सुचविली जाते. छळ किंवा धमकी असल्यास पहिली पायरी गाळणेच योग्य. काही खेळांत प्रत्येक पात्राच्या पानावर त्याच्या चित्रणाविषयी सूचना देण्याची सोय असते. येथे टीका चित्रणापुरती मर्यादित ठेवावी लागते.

कायदेशीर बाजू

मूळ कलाकृतीवरील स्वामित्वहक्क खेळामुळे खेळाडूंकडे येत नाहीत. भारताच्या स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि रूपांतराचा हक्कही त्यात अंतर्भूत असतो. म्हणून खेळ विनामोबदला ठेवणे आणि मूळ कर्त्याचा निर्देश करणे हा फॅन्डममधील रूढ शिष्टाचार आहे. तथापि तेवढ्याने कायद्याचे संरक्षण आपोआप मिळते असे नाही. सहखेळाडूने लिहिलेले टॅग हे त्याचे लेखन असते. त्याच्या परवानगीशिवाय ते एकत्र करून कथा म्हणून स्वतःच्या नावावर प्रसिद्ध करणे, हा त्याच्यावर अन्याय ठरतो.

मर्यादा आणि टीका

संकेतांच्या विस्तारावर टीकाही होते. दीर्घ अर्ज आणि काटेकोर तपासण्या यांमुळे नवागत बिचकतात आणि खेळ परीक्षेसारखा वाटू लागतो. मॉड स्वतःही खेळाडू असल्याने त्यांच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका घेतली जाते. अनेक खेळांचे माध्यम इंग्रजी असल्याने कथा उत्तम जाणणारा, परंतु त्या भाषेत संथ लिहिणारा चाहता मागे पडतो. दुसरीकडे, नियम अजिबात नसलेल्या खेळांत निर्भीड व वेगवान लेखकांचेच कथानक पुढे जाते आणि इतरांची पात्रे पार्श्वभूमीला ढकलली जातात. त्यामुळे अनुभवी मंडळी नियमांची संख्या कमी ठेवून प्रत्येक नियमाचे कारण त्याखाली लिहिण्याची शिफारस करतात. कारण कळलेला नियम नव्या प्रसंगीही लागू करता येतो. केवळ पाठ केलेला नियम अशा वेळी अपुरा पडतो.